सोळा हजारांत दहा लाख

फेरांटी कंपनीनं बांधलेला मार्क वन संगणक फेब्रुवारी १९५१ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात दाखल झाला. त्याच्याकडून गणित सोडवून घ्यायचं तर दोन कामं करावी लागत. पहिलं डोक्याचं: गणिताच्या पायऱ्या यंत्राला कळतील अशा लिहायच्या. दुसरं निव्वळ हमालीचं, आणि वेळ खायचं ते हेच.

यंत्राची झटपट मेमरी काचेच्या नळ्यांमध्ये होती. जुन्या टीव्हीत असायची तशी कॅथोड किरण नळी. तिच्या पडद्यावर विद्युतभाराचे ठिपके उमटवायचे आणि विरून जायच्या आत ते पुन्हा पुन्हा ताजे करायचे, ही फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांची युक्ती. अशा आठ नळ्यांत मिळून चाळीस बिटांचे २५६ शब्द मावत. शब्द म्हणजे यंत्र एका दमात हाताळतं तेवढा अंकांचा गठ्ठा. एका नळीवर मावेल तेवढ्या मजकुराला मँचेस्टरचे लोक तेव्हापासूनच ‘पान’ म्हणत. नळ्यांच्या मागे चुंबकीय ड्रम फिरत असे. त्यात कितीतरी पट जास्त मावे, पण हवा तो मजकूर फिरत फिरत वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत थांबावं लागे.

मोठं गणित २५६ शब्दांत मावणार कुठून? मग त्याचे तुकडे करायचे. कोणता तुकडा कधी ड्रमवरून नळीत आणायचा, तो बसवायला कोणता तुकडा परत पाठवायचा, पाठवताना त्यात बदललेले आकडे जपून ठेवायचे की नाही, हे सगळं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं स्वतः ठरवायचं. पुढे ह्या कामाला ओव्हरले म्हणू लागले. प्रोग्रॅम चार ओळींनी वाढला की कधी कधी आखणी मुळापासून मोडायची. आणि हे सगळं लिहायचं कोणत्या लिपीत, तर बत्तीसच्या पायावरच्या आकड्यांत, तेही उलट्या क्रमानं, सर्वांत लहान स्थान आधी. ह्या यंत्राची पहिली प्रोग्रॅमिंग पुस्तिका ॲलन ट्यूरिंगनं लिहिली. ट्यूरिंगच्या डोक्याला ते सोपं गेलं असेल. बाकीच्यांना गेलं नाही.

त्या बाकीच्यांची कणव टोनी ब्रुकरला आली. ट्यूरिंगनंतर मँचेस्टरच्या प्रोग्रॅमिंगची जबाबदारी त्याच्याकडे आली होती. १९५४ मध्ये त्यानं ऑटोकोड नावाची सुटसुटीत भाषा तयार केली. तिच्यात लिहिणाऱ्याला नळ्या आणि ड्रम ह्यांतला फरक दिसतच नसे. ने-आण ऑटोकोड परस्पर उरकत असे. ह्याची किंमत वेगात मोजावी लागे, आणि ज्यांना यंत्राचा प्रत्येक क्षण पिळून काढायचा होता ते जुन्या पद्धतीलाच चिकटून राहिले. तरी मेमरी एकसंध आहे अशी थाप माणसाला मारता येते, आणि माणसाला ती हवीच असते, एवढं ब्रुकरच्या भाषेनं दाखवून दिलं. पुढचा प्रश्न, हीच थाप भाषेऐवजी खुद्द यंत्राला मारता येईल का, असा होता.

हा प्रश्न फक्त मँचेस्टरमध्ये पडला होता असं नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यावर बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात फ्रिट्झ-रुडोल्फ ग्युन्टश ह्या तरुण भौतिकशास्त्रज्ञानं पीएचडीसाठी एका यंत्राचा आराखडा मांडला. अनेक ड्रम, पुढे छोटी जलद मेमरी, आणि ह्या दोहोंमधली देवाणघेवाण आपोआप. आज ज्याला आपण व्हर्च्युअल मेमरी म्हणतो त्याचा गाभा त्यात होता. ते यंत्र कधी बांधलं गेलं नाही आणि प्रबंध पुढची कित्येक वर्षं कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. इतिहासात पहिलेपणाचा मान कुणाला द्यायचा ह्यावर मला फारसं भांडावंसं वाटत नाही. पण कागदावर सुचणं वेगळं आणि हजारो ट्रान्झिस्टर जोडून ते रोज चालवणं वेगळं.

ते चालवण्याचा घाट किलबर्ननं १९५६ मध्ये घातला. प्रकल्पाचं नाव म्यूज. दर मायक्रोसेकंदाला एक आज्ञा ह्या वेगाच्या आसपास पोचणारं यंत्र बांधायचं, ही महत्त्वाकांक्षा. अमेरिकेत आयबीएमचा स्ट्रेच आकाराला येत होता. ब्रिटनकडे त्याच्या तोडीचं काही नव्हतं. विभागानं सुरुवात स्वतःच्या बळावर केली. संगणकाचा वेळ बाहेरच्यांना भाड्यानं देऊन साठवलेला पैसा हाताशी होता. काही काळानं फेरांटी कंपनी भागीदार झाली आणि यंत्राचं नाव ॲटलस ठरलं.

तोवर काचेच्या नळ्या मागे पडल्या होत्या. त्यांची जागा फेराइटच्या बारीक चुंबकी कड्यांनी, म्हणजे कोअर मेमरीनं, घेतली होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९६० मध्ये सुरू केलेल्या टिफ्रॅकमध्येही हीच कोअर मेमरी होती, २०४८ शब्दांची. कोअर भरवशाची आणि जलद. पण प्रत्येक बिटामागे एक कडं, प्रत्येक कड्यातून ओवलेल्या तारा, आणि त्यामुळे भयंकर महाग. मँचेस्टरच्या ॲटलसला कोअरचे १६,३८४ शब्द परवडले. ड्रमवर मात्र ९८,३०४ शब्द होते. कोअरमधून एक शब्द दोन मायक्रोसेकंदांत मिळे. ड्रमच्या एका फेरीलाच बारा हजार मायक्रोसेकंद लागत. म्हणजे एका फेरीत यंत्रानं काही हजार आज्ञा उरकल्या असत्या. हे दोन साठे माणसाला एकच वाटावेत, आणि तरी यंत्र ड्रमच्या चालीनं रखडू नये, हे किलबर्न, डाय एडवर्ड्स, मायकेल लॅनिगन आणि फ्रँक समनर ह्यांच्यापुढचं कोडं होतं.

त्यांचं उत्तर १९६२ च्या एप्रिलमध्ये एका अमेरिकन शोधपत्रिकेत छापून आलं. मी त्या जमान्याचे बरेच तांत्रिक निबंध चाळले आहेत. इतक्या शांतपणे इतकी मोठी गोष्ट सांगणारे थोडे.

प्रोग्रॅम जो पत्ता उच्चारतो तो खरा पत्ता नसतोच, इथून सुरुवात. प्रोग्रॅमला सांगायचं की बाबा रे, तुला दहा लाख शब्दांची मेमरी आहे, वापर हवी तशी. नेमकं सांगायचं तर वीस बिटांत मावणारे सगळे पत्ते. प्रत्यक्षात कोअर सोळा हजारांची. तिचे ५१२ शब्दांचे एक असे ३२ कप्पे केलेले, आणि दर कप्प्याला एक छोटं रजिस्टर. ‘माझ्यात सध्या कितव्या क्रमांकाचं पान आहे’ एवढंच ते रजिस्टर जाणतं. प्रोग्रॅमनं पत्ता मागितला की त्यातला पानाचा क्रमांक बत्तिसांपुढे एकाच वेळी ठेवला जाई. एकानं ‘माझ्याकडे आहे’ म्हटलं की काम झालं. प्रोग्रॅमला खालची कसरत कळतही नसे. एकानंही हात वर केला नाही तर यंत्र प्रोग्रॅमला आहे त्या आज्ञेवर थांबवी आणि सुपरव्हायझर नावाच्या कायमस्वरूपी प्रोग्रॅमला बोलावी. तो ड्रमवरून पान आणे, रजिस्टरात क्रमांक भरे, आणि थांबलेली आज्ञा जणू काही घडलंच नाही अशी पुन्हा सुरू होई. आज तुमच्या लॅपटॉपमध्ये सेकंदाला शेकडो वेळा जे घडू शकतं, ते मुळात हेच.

कप्प्यांपैकी एक नेहमी रिकामा ठेवत, ही त्यांची चलाखी. नवं पान आलं की जागा तयार. आधी कुणाला हाकला आणि मग ह्याला घ्या, असा खोळंबा नाही. नव्या पानाचा प्रवास चालू असतानाच सुपरव्हायझर विचार करी की पुढचा कप्पा रिकामा करायला आता कोणाला बाहेर काढू. बाहेर काढलेलं पान ड्रमवरच्या आपल्या जुन्या जागीच गेलं पाहिजे असंही बंधन नव्हतं. जी मोकळी जागा हेडखाली आधी येईल तिथे ते टाकायचं आणि वहीत नोंद करून ठेवायची.

पण काढायचं कुणाला? सगळी मेख इथे आहे. चुकीचं पान हाकललं तर ते पुढच्याच क्षणी परत मागितलं जाणार. मँचेस्टरकरांनी ह्यासाठी एक छोटा ‘शिकणारा’ प्रोग्रॅम लिहिला. दर १०२४ आज्ञांनंतर तो पाहून ठेवी, मधल्या काळात कोणकोणत्या पानांना हात लागला. त्यावरून दर पानाचे दोन आकडे निघत: सध्या ते किती वेळ पडून आहे, आणि मागच्या खेपेला ते किती वेळ पडून होतं. घरात चकलीचा सोऱ्या अकरा महिने कुणी शिवत नाही, म्हणून तो दिवाळीच्या आठवड्यात भंगारात घालायचा नसतो; त्याची वेळ भरत आली आहे हे घरच्यांना माहीत असतं. ॲटलसचा तर्क हाच होता. नेहमीपेक्षा जास्त वेळ पडून राहिलेलं पान बहुधा संपलेलं, ते काढा. तसं कुणी नसेल तर ज्याची पाळी सर्वांत उशिरा येईल असं वाटतं त्याला काढा. वैज्ञानिक गणितं त्या काळी फेऱ्याफेऱ्यांनी चालत, तेच ते मजकुराचे तुकडे ठरावीक अंतरानं लागत, म्हणून हा अंदाज त्यांना पटला.

७ डिसेंबर १९६२ रोजी नोबेल मानकरी सर जॉन कॉकक्रॉफ्ट ह्यांच्या हस्ते ॲटलसचं उद्घाटन झालं. ॲटलस बंद पडला की ब्रिटनची निम्मी गणनशक्ती जाते, असं तेव्हा बोललं जाई. थोडी फुशारकी असेल त्यात, फार नसावी. ह्या जातीची आणखी दोनच यंत्रं बांधली गेली, एक लंडन विद्यापीठासाठी आणि एक चिल्टनच्या प्रयोगशाळेसाठी. केंब्रिजनं आपल्यासाठी जी आवृत्ती करून घेतली तिच्यातून पानांची ही यंत्रणा चक्क वगळली होती. शेजारच्यांनीही उचलली नाही म्हटल्यावर इतरांचं काय!

अमेरिकेत बरोझ कंपनीनं १९६१ मध्ये बी५००० हे यंत्र बाजारात आणलं. त्यात मजकुराचे समान आकाराचे नव्हे, तर गरजेप्रमाणे लहानमोठे तुकडे आपोआप ये-जा करत. विकत मिळणाऱ्या यंत्रांत ही सोय पहिल्यांदा आली ती इथे. पण बाजाराचा राजा आयबीएम होता, आणि आयबीएमनं ७ एप्रिल १९६४ ला सिस्टिम/३६० ची प्रचंड मालिका जाहीर केली तेव्हा तिच्यात व्हर्च्युअल मेमरी नव्हती. एमआयटीला मल्टिक्स ह्या, एका वेळी अनेकांनी वापरायच्या प्रणालीसाठी ती हवीच होती. त्यांनी आयबीएम सोडून जनरल इलेक्ट्रिकचं यंत्र धरलं. हा घाव वर्मी बसला. आयबीएमनं १९६५ मध्ये घाईघाईनं ३६०/६७ हे मॉडेल पुढे केलं, आणि त्याच्यासाठी लिहायला घेतलेली टीएसएस ही प्रणाली अनेक वर्षं रखडली, अडखळली.

ह्या अडखळण्यातच एक विचित्र आजार दिसू लागला. यंत्रावर एकाच वेळी चार जणांचे प्रोग्रॅम ठीक चालत. पाचवा घेतला, थोडं संथ. सहावा घेतला आणि एकदम सगळं ठप्प. प्रोसेसर जवळजवळ रिकामा, ड्रम मात्र जिवाच्या आकांतानं फिरतोय. प्रत्येक प्रोग्रॅम आपलं पान मागतोय, ते देण्यासाठी दुसऱ्याचं काढलं जातंय, आणि दुसरा जागा झाला की आपलं परत मागतोय. ह्या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. गंमत अशी, की रिकामा प्रोसेसर पाहून काही प्रणाल्या ‘अजून काम घेऊ या’ असं ठरवत आणि आगीत तेल ओतत.

किती कमी चुका यंत्राला लोळवायला पुरतात त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. कोअरमधून शब्द मिळायला एक मायक्रोसेकंद आणि ड्रमवरून पान यायला दहा हजार, असं धरा. हजार वेळा मेमरी मागितली आणि त्यात फक्त एकदा पान गैरहजर निघालं, तर सरासरी एकाच्या जागी अकरा मायक्रोसेकंद पडतात. हजारात एक चूक, आणि यंत्र अकरापट मंद. अशा थापेवर कोण भरवसा ठेवणार? साठच्या दशकाच्या शेवटी शहाणेसुरते अभियंते म्हणू लागले की ही कल्पना दिसायला गोंडस आहे, पण हातानं आखलेल्या ओव्हरलेची सर तिला येणार नाही.

त्यांना अडाणी म्हणता येणार नाही. मँचेस्टरच्या चौघांनी यंत्रणा चोख बांधली होती, पण ती नेमकी का चालते आणि कधी चालणार नाही, हे त्यांच्याकडून सिद्ध झालेलं नव्हतं. फेऱ्यांच्या गणितांवर बसवलेला त्यांचा शिकणारा प्रोग्रॅम इतर प्रकारच्या कामांवर उघडा पडला. १९६६ मध्ये आयबीएमच्या लास्लो बेलाडीनं पान काढण्याचे बरेच नियम एकाच मापानं तपासले. त्यात ॲटलसची हुशारी साध्यासुध्या नियमांपुढेही चमकली नाही.

बेलाडी मूळचा हंगेरियन, १९५६ च्या उठावानंतर देश सोडलेला. माप म्हणून त्यानं एक अशक्य नियम वापरला: जे पान पुढे सर्वांत उशिरा लागणार आहे ते काढा. त्यासाठी भविष्य कळायला हवं, म्हणून चालत्या यंत्रात ह्याचा उपयोग शून्य. पण प्रोग्रॅम संपल्यावर नोंदी पाहून हिशेब मांडता येतो, आणि कोणताही खरा नियम ह्या आदर्शापासून किती लांब पडला ते कळतं. त्याच्याच नावाची एक चक्रावून टाकणारी गोष्टही आहे. ‘जे आधी आलं ते आधी जाईल’ हा नियम घ्या. पानं ह्या क्रमानं मागा: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. तीन कप्पे असतील तर नऊ वेळा पान बाहेरून आणावं लागतं. कप्पे चार केले तर दहा वेळा! मेमरी वाढवली आणि काम बिघडलं. कागदावर करून बघा. पहिल्यांदा केलं तेव्हा मी दोनदा मोजलं होतं. १९६९ मध्ये बेलाडी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं आणि रांगेच्या न्यायी नियमाची पत कायमची गेली.

ह्या गुंत्याची उकल एमआयटीतल्या एका विद्यार्थ्याच्या हातून झाली. पीटर डेनिंग मल्टिक्सच्या वातावरणात पीएचडी करत होता. त्यानं प्रश्नच फिरवला. कोणतं पान काढू असं विचारण्याआधी विचारा, ह्या प्रोग्रॅमला आत्ता नीट चालायला किती पानं लागतात? प्रोग्रॅम हा सवयीचा गुलाम असतो. त्याच्याकडे दोनशे पानं असतील, पण एखाद्या क्षणी तो त्यातल्या सात-आठांतच घुटमळतो; काही वेळानं ती सोडून दुसऱ्या सात-आठांकडे जातो. मागच्या ठरावीक काळात त्यानं जेवढ्या पानांना हात लावला तो त्याचा वर्किंग सेट. तो संच पूर्ण मेमरीत बसत असेल तरच प्रोग्रॅमला चालू द्यायचं. बसत नसेल तर त्याला सरळ बाहेर थांबवायचं. अर्धवट आत घ्यायचं नाही. थ्रॅशिंगवरचा इलाज पानं निवडण्यातल्या हुशारीत नव्हताच, दारावर माणसं मोजण्यात होता. हे त्यानं १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये टेनेसीतल्या गॅटलिनबर्गच्या परिषदेत मांडलं, आणि पुढच्या वर्षी थ्रॅशिंगवर स्वतंत्र निबंध लिहिला.

मला ह्या सबंध कहाणीतला सर्वांत मोलाचा क्षण हाच वाटतो. ॲटलसच्या थापेला डेनिंगमुळे आधार मिळाला. सोळा हजारांची मेमरी दहा लाखांची वाटू शकते, कारण प्रोग्रॅम एका वेळी फार दूरवर हात पसरत नाही. ज्या दिवशी तो पसरेल त्या दिवशी थाप उघडी पडेल, आणि मग कोणताही नियम वाचवणार नाही.

राहिला प्रश्न हातानं आखणाऱ्यांचा. त्यांना प्रयोगानं उत्तर दिलं डेव्हिड सेयर ह्यानं. हा गृहस्थ मोठा अजब: १९५२ मध्ये स्फटिकांच्या रचनेसाठीचं, आजही त्याच्या नावानं ओळखलं जाणारं समीकरण देणारा, नंतर फोरट्रान भाषा बनवणाऱ्या चमूत सामील झालेला. न्यूयॉर्क राज्यातल्या यॉर्कटाउन हाइट्स इथे आयबीएमनं संशोधनासाठी एम४४ नावाचं प्रायोगिक यंत्र ठेवलं होतं. त्यावर हातानं आखलेली ने-आण आणि आपोआप होणारी ने-आण ह्यांची तुलना झाली. १९६९ च्या डिसेंबरात छापलेल्या निष्कर्षात सेयर म्हणाला की प्रोग्रॅम थोड्या समजुतीनं लिहिलेला असेल तर आपोआप पद्धत हाताच्या तोडीची ठरते. आणि हाताच्या आखणीला लागणारे माणसाचे दिवस त्या हिशेबात धरले तर वादच मिटतो. २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमनं आपल्या सिस्टिम/३७० मालिकेसाठी व्हर्च्युअल मेमरी जाहीर केली. मँचेस्टरचा ॲटलस त्याआधी दहा महिने, ३० सप्टेंबर १९७१ ला, बंद झाला होता.

इथून पुढे ही कल्पना मोठ्या यंत्रांकडून छोट्यांकडे उतरत गेली, आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी कमी सामग्रीत ती पुन्हा बसवली. बेल लॅब्जचं युनिक्स सुरुवातीला पानं वगैरे मानत नव्हतं. जागा कमी पडली की अख्खा प्रोग्रॅम उचलून डिस्कवर ठेवायचा, पाळी आली की अख्खा परत आणायचा. ह्याला ते स्वॅपिंग म्हणत. १९७८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डिजिटल कंपनीचा व्हॅक्स आला. रिचर्ड फेटमन ह्या प्राध्यापकाला त्यावर मॅक्सिमा हा बीजगणित करणारा अगडबंब प्रोग्रॅम चालवायचा होता. व्हॅक्समध्ये पानांची सोय होती, युनिक्सला ती वापरता येत नव्हती. ओझाल्प बाबाओग्लू हा तुर्की विद्यार्थी आणि बिल जॉय ह्यांनी ते जमवलं.

अडचण एक होती. पानाला हात लागला की नाही हे नोंदवणारी खूण व्हॅक्सच्या रचनेत ठेवलेलीच नव्हती, आणि तिच्याशिवाय सवयी ओळखणार कशा? मग त्यांनी आणखी एक खोटं रचलं. मेमरीत असलेलं पानसुद्धा अधूनमधून ‘नाही’ म्हणून दाखवायचं. प्रोग्रॅमनं ते मागितलं की यंत्र थांबतं, सुपरव्हायझर येतो, पाहतो की पान तर इथेच आहे. म्हणजे ते वापरात आहे. खूण करून सोडून द्यायचं. घड्याळाच्या काट्यासारखं सगळ्या पानांवरून फिरत राहायचं, आणि ज्याला पूर्ण फेरीत कुणी विचारलं नाही ते काढायचं. १९७९ च्या अखेरीस ही प्रणाली ३बीएसडी म्हणून बाहेर पडली. तिच्या मुख्य फायलीला व्हीएमयुनिक्स असं नाव दिलं होतं. आजच्या लिनक्समधली व्हीएमलिनझ ही फाइल त्याच वंशातली.

१९८५ च्या इंटेल ८०३८६ नं पानांची यंत्रणा एका चिपमध्ये, टेबलावरच्या पीसीत आणून ठेवली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेल्या चार एमबीच्या यंत्रांवर ज्यांनी विंडोज ३.१ चालवलं आहे त्यांनी थ्रॅशिंग कानांनी ऐकलेलं आहे. फाइल उघडायची आणि हार्ड डिस्कचा करकराट थांबायची वाट पाहायची. रॅम घेणं परवडायचं नाही, आणि स्वॅप फाइल फुकट होती.

लिनक्सला ही सोय नाताळात मिळाली. १९९१ च्या डिसेंबरात हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बाहेर येऊन चार महिनेही झाले नव्हते. स्वतःच्या यंत्रात चार एमबी मेमरी असल्यानं त्याला स्वॅपची निकड नव्हती. जर्मनीतल्या एका वापरकर्त्याकडे मात्र दोनच एमबी होते, आणि तेवढ्यात कंपायलर चालेना. टोरवाल्ड्सनं सुट्टीत बसून पानं डिस्कवर पाठवण्याची यंत्रणा लिहिली आणि वर्ष संपायच्या आत ती बाहेर सोडली. मिनिक्स ह्या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी प्रणालीत ती नव्हती. जानेवारी १९९२ च्या ०.१२ आवृत्तीकडे बरेच लोक वळले त्याचं हे एक कारण. स्वॅपच्या जागेच्या सुरुवातीच्या पानात तेव्हा ‘स्वॅप-स्पेस’ ही अक्षरं खूण म्हणून कोरली जात, ती नसतील तर कर्नल त्या जागेला हात लावत नसे.

‘रॅमच्या दुप्पट स्वॅप ठेवा’ हा मंत्र अनेकांनी ऐकला असेल. तो कुठून आला? जुन्या बीएसडीत प्रोग्रॅमनं मेमरी मागितली की तेवढी जागा स्वॅपवर आधीच राखून ठेवत, मग ती लागो न लागो. म्हणजे स्वॅप रॅमएवढा तरी हवाच, थोडं मोकळं फिरायला त्याहून जास्त. लिनक्सच्या २.४ मालिकेच्या सुरुवातीला पान स्वॅपमधून मेमरीत परत आलं तरी स्वॅपवरची त्याची जागा सुटत नसे, म्हणून तिथे दुप्पट खरोखरच लागे. ह्या मालिकेतलं मेमरीचं व्यवस्थापन इतकं कुरबुरीचं झालं की सप्टेंबर २००१ मध्ये, २.४.१० ला, टोरवाल्ड्सनं रिक व्हॅन रीलचा कोड काढून आंद्रेया आर्कांजेलीचा बसवला. ‘स्थिर’ म्हणवणाऱ्या मालिकेच्या मध्यात, चालत्या गाडीचं इंजिनच बदललं. लोक खवळले, पण कर्नल सुधारला. दुप्पटीचं कारण त्यानंतर संपलं, मंत्र राहिला. आज बत्तीस जीबी रॅमच्या यंत्राला चौसष्ट जीबी स्वॅप देणारे भेटतात, आणि स्वॅप अजिबात नको म्हणणारेही. दोघांनी डेनिंग वाचायला हवा. स्वॅप नसला की कधीच न लागणारी पानंही मेमरी अडवून बसतात. फार मोठा असला की यंत्र मरण्याऐवजी तासभर तडफडतं.

लिनक्स मुळात मागेल त्याला मेमरी कबूल करून बसतं, खरोखर आहे त्याहून जास्त. सगळेच एकदम वसुलीला आले आणि स्वॅपही भरला, तर ओओएम किलर नावाचा भाग जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम हेरून त्याला ठार करतो.

फोनमध्ये गोष्ट आणखी वळण घेते. फ्लॅश मेमरीवर वारंवार लिहिलं की ती झिजते, म्हणून अँड्रॉइडमध्ये निपचित पडलेली पानं बाहेर न पाठवता दाबून लहान करतात आणि रॅमच्याच एका कोपऱ्यात ठेवतात. ड्रम नाही, डिस्क नाही. बाहेरचा साठा मेमरीच्या पोटातच. तेवढ्यानंही भागलं नाही तर मागे पडलेलं ॲप गुपचूप बंद केलं जातं, आणि पुन्हा उघडल्यावर ते पहिल्या पडद्यापासून सुरू होतं.